दादाच्या मापाचा नाच

६ सप्टेंबर

प्रिय दादा,

'तीर्थरूप' लिहिणार होते, पण ते वाचून तू अख्ख्या दुकानाला दाखवून हसशील, म्हणून 'प्रिय'वर भागव. मी इथे ठीक आहे, तुम्ही तिघं ठीक असाल, पाठीचा पट्टा लावतोस ना, स्टुलावर तासन्‌तास बसत नाहीस ना, हे सगळं एका दमात विचारून टाकते. झालं.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू एक 'हं' म्हणतोस, मग दुसरा 'हं' म्हणतोस आणि फोन आईच्या हातात देतोस. पत्र तसं देता येत नाही. दिलंसच तर आधी तिला चष्मा शोधावा लागेल, आणि मुलगा चष्म्याच्या दुकानात लागल्यापासून आईला घरात एकदाही स्वतःचा चष्मा सापडलेला नाही.

खोली बरी आहे. तिसरा मजला, जिना अरुंद, हीटर म्हाताऱ्यासारखा खोकत खोकत तापतो. घरमालकीण काकू एकट्या राहतात आणि दाराशी माझी चाहूल घेत बसतात. पहिल्याच दिवशी मला थांबवून विचारलं, "तू ते बर्फावरचं करतेस ना? मुलगा मुलीला हवेत फेकतो ते?"

मी म्हटलं, "नाही काकू, ते वेगळं. आमच्यात फेकत नाहीत. आमचा नाच असतो. शेवटपर्यंत एकमेकांजवळ राहायचं, तेवढंच."

"एवढंच?" काकूंचा चेहरा पडला. मग जरा विचार करून म्हणाल्या, "तसं बघितलं तर तेच अवघड आहे म्हणा." त्यांचे मिस्टर त्यांना सोडून गेलेत हे मला नंतर कळलं.

इथल्या प्रशिक्षक बाई ओरडत नाहीत. नुसतं "पुन्हा" म्हणतात. पण त्यांच्या 'पुन्हा'चे इतके प्रकार आहेत की मी आता नुसत्या सुरावरून ओळखते, पाय चुकला, खांदा चुकला की डोकं ठिकाणावर नाही. बर्फाचं रिंक मोठं आहे. छत गळत नाही, त्यामुळे चुकीचं काही झालं की छतावर ढकलता येत नाही, हा एक तोटा.

आणि जोडीदार. म्हणजे बाईंनी सध्या मला ज्याच्या शेजारी उभं केलंय तो. त्याची आधीची जोडीदार शिकायला परदेशी गेली. हा मुलगा भयंकर उंच आहे. मी मनातल्या मनात त्याला जिराफ म्हणत होते, आणि परवा ते तोंडातून निघून गेलं. तो शांतपणे म्हणाला, "शाळेत खांब म्हणायचे. जिराफ बरा आहे, निदान चालतो तरी." फार सभ्य आहे. कमरेला हात लावायच्या आधी दर वेळी "लावू का?" विचारतो. शेवटी मी म्हटलं, "अरे बाबा, माझा दादा मला बटाट्याच्या पोत्यासारखं ओढायचा. तू इतकं विचारत बसलास तर गाणं संपेल." त्यावर तो "सॉरी" म्हणाला.

महिनाभर बघायचं ठरलंय. काही पक्कं नाही.

तू स्टेशनवर आला नाहीस त्याचं मला काही नाही. दुकानात गर्दी असेल. सोमवारी दुकान बंद असतं हे मला माहीत आहे, पण असो.

आईबाबांना सांग, मी वेळेवर जेवते.

तुझी,
बुटकी


१५ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं. पोचलं नसतं तर तू 'पत्र का नाही' म्हणून विचारलं असतंस. बघ, तुझ्या गप्प बसण्याचाही मी कसा अर्थ लावते.

इथे थंडी पडलीये. सकाळी रिंककडे जाताना रस्त्यावर मी, जिराफ आणि पावाची गाडी, एवढेच असतो. काकूंनी मला त्यांचे जुने लोकरीचे मोजे दिलेत. ते इतके जाड आहेत की बुटात पाय जात नाही, म्हणून मी ते हातात घालते. काकूंना सांगितलेलं नाही.

महिना कधीच संपला. मी अजून इथेच आहे, हे आईकडून कळलंच असेल. राष्ट्रीय स्पर्धेसाठी आमची नावं गेलीत. बाईंनीच दिली. मी काही म्हटलं नाही. म्हणजे 'नको' म्हटलं नाही.

परवा एक गंमत झाली. बाई म्हणाल्या, "त्याच्याकडे जरा प्रेमाने बघ. तू बस चुकल्यासारखी बघतेस." मला इतकं हसू आलं की खालीच बसले. आपल्याला काय काय सांगायचे, आठवतं? 'विरहात आहात असं दाखवा.' आणि तू अगदी विरही चेहरा करून माझ्या कानात म्हणायचास, "नाक पूस आधी." परीक्षकांनी दर वर्षी तेच लिहिलं, पाय उत्तम, भाव नाही. भाऊ आहे म्हटल्यावर भाव कुठून आणायचा! जिराफला हे सांगितलं तर तोही हसला. मग कळलं की आता हसण्याची सबब राहिलेली नाही, आणि आम्ही दोघं पुन्हा सुरुवातीच्या जागेवर जाऊन उभे राहिलो.

दादा, तू यावरच वैतागून तो नाच बसवला होतास ना. मोजे घालून, स्वयंपाकघरात, टेबल भिंतीला लावून. 'प्रेमी बिमी काही नाही. दोघं जण घरी चाललेत, एक मागे राहतो, दुसरा वळून बघतो. बस्स.' आई म्हणायची, "फरशी झिजवताय, त्यापेक्षा पुसा तरी." मी ते मोजे ओले करून घातले होते, तेव्हा खरोखरच फरशी पुसून निघाली होती.

तो आपला सगळ्यात चांगला नाच होता. कुणी बघितलाच नाही.

मला त्या दिवसाबद्दल लिहायचं नव्हतं, पण आता हात थांबत नाही. तू मला उचललं होतंस. आपण वळलो, आणि तू मला खाली ठेवलंस. अलगद. इतकं अलगद तू कधीच ठेवायचा नाहीस, मी म्हणणार होते, 'आज काय विशेष?' मागे वळले तर तू बर्फावर बसला होतास आणि तुझा चेहरा पांढरा पडला होता. पाठीतून कळ गेली तेव्हा मी तुझ्या हातातच होते ना? आधी मला नीट ठेवलंस, मग बसलास. डॉक्टर ऑपरेशनबद्दल काय काय सांगत होते, 'चाला, फिरा, हळूहळू बर्फावरही जा, पण कुणाला उचलायचं नाही', तेव्हा माझ्या डोक्यात तेवढंच चालू होतं. आधी मला ठेवलंस.

असो. डोळ्यांची काळजी घे. म्हणजे लोकांच्या घेतोसच.

तुझी,
बुटकी

ता. क. : खरं म्हणजे हे वर लिहायला हवं होतं. मी सरावाआधी एकटीच तुझ्या नाचातले तुकडे करत होते. बाईंनी बघितलं. विचारलं, कुणी बसवलाय? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, हा नाच स्पर्धेत करायला हवा. मी म्हटलं, दादाला विचारल्याशिवाय नाही. देशील का?


२ डिसेंबर

दादा,

तू स्वतःहून फोन केलास. स्क्रीनवर तुझं नाव बघून मला वाटलं, घरी कुणाला तरी काहीतरी झालं. मी जिन्यातच बसले.

तू म्हणालास, "नाही."

मी म्हटलं, "काय नाही?"

"नाच. तो माझ्या मापाचा आहे. त्याला घातलास तर बाही आखूड पडेल." आईच्या हाताखाली शिवणकाम शिकल्यासारखं बोललास अगदी. मी म्हटलं, "बाई बदलून घेतील." मागे दुकानाच्या दाराची घंटा वाजली. मग म्हणालास, "आणि शिवाय, मला तो द्यायचा नाहीये."

आणि फोन ठेवलास. या खेपेला तर फोन द्यायला आईही जवळ नव्हती.

मी खूप चिडले. जिन्यात बसून रडले. काकूंनी दार उघडून बघितलं, काही न विचारता पाण्याचा ग्लास पायरीवर ठेवला आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी मला तुझा इतका राग आला होता की समोर असतास तर पूर्वीसारखं मनगटाला चावले असते. स्वार्थी, आडमुठा, काय काय म्हटलं तुला. वाया घालवीन पण देणार नाही, असा कसा तू.

दुसऱ्या दिवशी जिराफला सांगितलं. वाटलं, त्याला वाईट वाटेल. तो बुटाची नाडी बांधत होता, ती तशीच हातात धरून म्हणाला, "बरं झालं."

"बरं काय झालं?"

"मला भीती वाटत होती. तू तो नाच करताना मी बघितलंय. वळून बघतेस तिथे तुला कोण दिसतं ते कळतं. मी आयुष्यभर तुझ्या भावाच्या जागेवर उभा राहीन. मला चांगलं-वाईट जे असेल ते माझ्या जागेवर उभं राहून करायचंय." एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला. मग सवयीने "सॉरी" म्हणाला.

मी त्याच्यावरही चिडले. पण नंतर घरी येऊन हीटरचा खोकला ऐकत पडले आणि विचार केला. मला तो नाच का हवा होता? चांगला आहे म्हणून, हो. पण नुसतं तेवढंच नाही. मला वाटत होतं, तुझा नाच केला की तू बरोबर असशील. मी एकटी पुढे निघाले असं होणार नाही. मला नाच नकोच होता रे. मला तुझ्याकडून 'जा' ऐकायचं होतं. ते सरळ विचारायची हिंमत नव्हती म्हणून नाच मागितला.

आम्ही आता नवीन नाच बसवतोय. तिघं मिळून. सुरुवात वाईट आहे, मधला भाग बरा आहे, शेवट अजून नाहीच. जिराफला हात कुठे ठेवू ते कळत नाही, कारण त्याला हात फार आहेत. पण परवा एका वळणावर काहीतरी झालं. आम्ही दोघं एकाच वेळी कललो, कुणी कुणाला ओढलं नाही, आणि बर्फाचा आवाजच बंद झाला. तुला माहीत आहे ते. स्केटची पाती बरोबर बसली की आवाज येत नाही. बाई 'पुन्हा' म्हणाल्या नाहीत.

आणि आता ते, जे मी सप्टेंबरपासून हीटर, मोजे आणि पावाच्या गाडीखाली लपवतेय.

दादा, मला इथे मजा येते.

तुझ्याशिवाय मजा येते. सकाळी उठताना येते, पडल्यावरही येते. पहिल्यांदा तसं वाटलं तेव्हा मी चोरी पकडली गेल्यासारखं इकडेतिकडे बघितलं होतं. तू तिकडे लोकांना 'खालून दुसरी ओळ वाचा' म्हणत बसलायस, आणि मी इथे हसतेय. हे तुला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. अजूनही कळलेलं नाही, नुसतं लिहून टाकलं.

स्पर्धा फेब्रुवारीत आहे. आईबाबा येतायत. तू आलास तर मला आवडेल. नाही आलास तर मी दुकानात गर्दी होती असं धरून चालेन.

बुटकी


१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुमची गाडी वेळेवर पोचली असं आईने कळवलं. डबा गाडीत विसरलात हेही कळवलं, आणि तो तू विसरलास असं तिचं म्हणणं आहे. मी तिच्या बाजूने आहे.

तू इथे होतास, सगळं डोळ्यांनी बघितलंस, मग पत्र कशाला, असं म्हणशील. पण तू वर प्रेक्षकांत होतास आणि मी खाली होते. माझ्या बाजूचं तुला कुठे माहीत आहे?

तू आलायस हे मला माहीतच नव्हतं. आईने सांगितलं नाही, बाबा तर असल्या गोष्टीत दगड आहेत. आमचं नाव पुकारायच्या आधी पडद्यामागे माझे गुडघे लटपटत होते. जिराफ म्हणाला, "माझेही. पण माझे लांब असल्यामुळे जास्त दिसतात." बाईंनी माझ्या पाठीवरचा केस झटकला आणि म्हणाल्या, "वर आईबाबांच्या शेजारी तुझ्यासारख्याच कपाळाचा एक मुलगा बसलाय. आत्ताच बघून घे. नंतर बर्फावर त्याला शोधू नकोस." मी बघितलं. कॉलर वर करून बसला होतास, जणू तसं केल्यावर मी ओळखणारच नाही.

मग नाच. सुरुवात आता वाईट राहिलेली नाही, बघितलंस ना? मधेपर्यंत मी इतकी सुखात होते की भीतीच वाटली. आणि गिरक्यांच्या शेवटी माझं पातं अडकलं. त्याच्या हाताकडे जायचं होतं आणि मी भलतीकडेच चालले होते. तू असतास तर मला खेचून तालावर आणलं असतंस, आणि परीक्षकांना पत्ताही लागला नसता. जिराफने खेचलं नाही. तो ताल सोडून थांबला. हात लांब करून, मी येईपर्यंत. मी आले, त्याने धरलं, आणि मग आम्ही दोघं मिळून तालामागे धावलो. त्यातच गुण गेले. चौथा नंबर.

मला वाईट वाटलं. पण त्या थांबण्याबद्दल मी त्याला एक शब्द बोलणार नाही. बाईही बोलल्या नाहीत. आईने तर पहिल्या तिघांचा निकालच लावला, "त्या सोन्याच्या पदकवालीच्या पाठीची शिवण बघितलीस? ताणलीये नुसती. उसवली असती म्हणजे कळलं असतं."

मग तू बाहेरच्या बोळात आलास. मला वाटलं, माझ्याकडे येशील. तू सरळ जिराफकडे गेलास. तो बिचारा ताठ उभा राहिला, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसा. तू मान वर करून त्याच्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "थंडीत हिचं नाक वाहतं. बाहीला पुसते. लक्ष ठेव."

तो म्हणाला, "हो, माहीत आहे. मी रुमाल ठेवतो."

तू म्हणालास, "मग ठीक आहे."

बस, एवढंच. दोघांनी माझ्या नाकाचा व्यवहार केला आणि मी तिथे उभी होते! मला रागावायचं होतं, पण जमलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. ते रिंक सगळ्यांसाठी खुलं होतं, आणि तू नाश्ता करता करता काहीच विशेष नसल्यासारखं म्हणालास, "चल, जरा पाय मोकळे करू." आईने माझ्याकडे बघितलं, मी बशीकडे बघितलं. भाड्याच्या निळ्या स्केट्स घातल्यास. धार गेलेली, घोट्याला सैल. त्यांना नुसतं हातात धरून तू इतका वाईट चेहरा केलास की काउंटरवरची मुलगी म्हणाली, "दुसऱ्या देऊ का?"

बर्फावर पाय ठेवताना तू कठडा धरलास. मी तुला कठडा धरताना आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. मला काही बोलायचं नव्हतं, म्हणून नुसता हात पुढे केला. तू धरलास. आपण निघालो, पडणारी पोरं चुकवत, हळू, म्हाताऱ्या जोडप्यासारखे. एक माणूस आपल्या लेकीला शिकवत होता. त्याने तुझी ती जपून चालणारी पावलं बघितली आणि मायेने विचारलं, "पहिल्यांदाच का?"

तू म्हणालास, "हो. ही शिकवतेय. बरी शिकवते, पण ओरडते फार."

मी हसून हसून तुला पाडलं असतं.

मग दुसऱ्या फेरीत कधीतरी, समोर बघतच, तू विचारलंस, "काल रडलीस का?"

"नाही."

"मी रडलो."

"चौथ्या नंबरासाठी?"

"नाही गं. तू गिरकीत चुकलीस ना, तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला. पुढच्या बाईंच्या टोपीला लागला, टोपी त्यांच्या मांडीवर पडली. आणि बघतो तर तोवर त्याने तुला धरलं होतं."

मी तुला समोर पडलेल्या एका पोराला वळसा घालून नेलं. मग विचारलं, "वाईट वाटलं?"

"आधी वाईट वाटलं. मग बरं वाटलं."

"मग?"

"मग काय, त्या बाईंची माफी मागितली. भल्या होत्या. म्हणाल्या, 'मुलगी तुमची कोण?' मी सांगितलं." काय सांगितलंस ते तू सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. पण तुझा हात माझ्या हातात होता, आणि आता तू कठड्याकडे बघत नव्हतास.

दादा, चालायला लागल्यापासून आपण बर्फावर आहोत. रोज सकाळी एकमेकांच्या चुका काढल्या. तुझा खांदा, माझा पाय, तुझी घाई, माझा आळस. शाळेतल्या मैत्रिणी आपल्या भावांशी भांडायच्या, रुसायच्या, मिठाई चोरून खायच्या. आपल्याला त्यातलं काही करायला वेळच नव्हता. आपण कामाला असल्यासारखे होतो. त्या सकाळी कुणी गुण देत नव्हतं, कुणी 'पुन्हा' म्हणत नव्हतं. कुणाला उचलायचं नव्हतं. नुसतं गोल गोल फिरायचं होतं आणि दमलो की बाहेर पडायचं होतं. मला ते फार आवडलं. मला वाटतं, तुलाही.

बाहेर आल्यावर तू त्या निळ्या स्केट्स परत केल्यास आणि काउंटरवरच्या मुलीला तिचा वाकडा झालेला चष्मा काढायला लावून तिथल्या तिथे सरळ करून दिलास. ती काल मला विचारत होती, 'तुझा शिकाऊ परत कधी येणार?' मी म्हटलं, त्याच्या पाठीला विचारून सांगते.

ये. पाठ बरी असेल तेव्हा ये, वेळ मिळेल तेव्हा ये. मी हळू चालेन.

तुझी,
आता नुसती बहीण